तळं सगळ्यांचं, रात्र मात्र काठवाल्यांची

मागच्या लेखातले तळ्याचे फोटो बघून देवगडच्या मामांचा फोन आला. फोटो आवडले वगैरे झालं आणि मग मामांनी त्यांच्या पद्धतीने थेट प्रश्न टाकला, "कित्याक गो रोज होडी घराक आणतंस? ऱ्हवांदे पाण्यात!" होडीला ट्रेलर लावून ती गाडीमागे ओढत घरी नेतानाचा माझा फोटो बघून त्यांना माझी दयाच आली असावी. मी सांगितलं, "मामा, रात्री बांधून ठेवायला बंदी आहे." त्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "कोणाची?"

या 'कोणाची?'चं उत्तर फोनवर देता येईना. म्हणून हा लेख. लांबला आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मी मिशिगनमध्ये राहते. हे राज्य म्हणजे पाण्यात भिजत घातलेलं राज्य. ग्रेट लेक्सचा तीन हजार मैलांहून जास्त किनारा, आणि आत लहानमोठी मिळून अकरा हजारांवर तळी. इथे माणसाकडे बोट असणं म्हणजे काही श्रीमंती नव्हे. आमची बोट सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, सेकंडहँड, आणि तिची किंमत ती ओढणाऱ्या गाडीच्या एक चतुर्थांशही नाही. उन्हाळ्यात आम्ही उत्तरेकडच्या एका तळ्यावर दुसऱ्या ओळीतलं लहानसं घर भाड्याने घेतो. (तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे त्या गावाबद्दल बोलायचं आहे.)

'दुसऱ्या ओळीतलं' हा शब्द लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्यातच आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या तळ्यांकाठच्या जमिनीचे प्लॉट पाडले गेले. पहिली ओळ अगदी पाण्याला लागून, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. मागच्या ओळीतले प्लॉट खपणार कसे? तर मधूनमधून रस्ते आखले, ते थेट पाण्यापर्यंत नेऊन सोडले, आणि नकाशावर लिहून टाकलं की हे रस्ते सार्वजनिक वापरासाठी. रस्ता जिथे पाण्याला टेकतो त्या जागेला इथे 'रोड-एन्ड' म्हणतात. आपल्याकडच्या पाणंदीसारखा प्रकार. गावनकाशावर तुटक रेघांनी दाखवलेली, कोणा एकाची नसलेली आणि म्हणूनच दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांत सलणारी. पाणंद दर नांगरणीला वीतभर का आक्रसते हे ज्यांना कळतं त्यांना मिशिगनमधली तळी समजावून सांगायची गरज नाही.

आता कायदा. २०१२ साली मिशिगनने या रोड-एन्डसाठी एक कायदा केला, त्या वर्षीचा ५६ क्रमांकाचा. त्यातल्या मुख्य गोष्टी तीन. एक, राज्यातल्या आतल्या तळ्यांवर आणि ओढ्यांवर सार्वजनिक रस्त्याच्या टोकाशी बोट उचलून ठेवायचे पाळणे किंवा बोट अडकवून ठेवायची साधनं बसवायची नाहीत. दोन, पाण्यात जाण्यायेण्याची वाट अडेल असं काही करायचं नाही. तीन, मध्यरात्री बारापासून सूर्योदयापर्यंत तिथे बोट बांधायची नाही. जुन्या नोंदलेल्या दस्तातच स्पष्टपणे वेगळं काही लिहिलेलं असेल तर गोष्ट निराळी. स्थानिक टाउनशिपने परवानगी दिली तर मोसमापुरता एक सार्वजनिक धक्का उभारता येतो, पण रात्रीचा नियम त्यालाही सुटत नाही. मोडलात तर पाचशे डॉलरपर्यंत दंड, आणि तो गुन्हा म्हणून.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी काहीही तक्रार नाही. उलट त्या हव्यातच. माझं भांडण आहे ते फक्त तिसरीशी, म्हणजे मध्यरात्र ते सूर्योदयाशी.

आधी दुसरी बाजू नीट मांडते, नाहीतर आमच्या घरातलेच लोक म्हणतील की हिला फक्त स्वतःचं सांगता येतं.

हा कायदा हवेतून पडला नाही. त्याआधी या रोड-एन्डवर खरोखर धिंगाणा होता. मागच्या ओळीतल्या लोकांनी आपापसात मंडळं काढून रस्त्याच्या टोकाशी लांबलचक धक्के टाकले होते, त्यांना दोन्ही बाजूंनी पाळणे लावले होते, आणि कोणाची बोट कुठे लागणार हे वाटून घेतलं होतं. मे महिन्यात बोट आणून टाकायची ती सप्टेंबरातच काढायची. नाव सार्वजनिक, जागा मात्र ठरलेल्या वीस जणांची. नवखा माणूस आला तर त्याला पाय ठेवायला फळी नाही. पुण्यात गल्लीत रात्री पार्किंगच्या जागेवर दगड आणि पाण्याची बादली ठेवून जागा धरतात ना, तसं. फक्त बादलीच्या जागी सात फुटी लोखंडी पाळणा! काठावरच्या घरवाल्यांना हे डोळ्यांसमोर दिवसरात्र बघावं लागत होतं. ते कोर्टात गेले. हिगिन्स लेक नावाच्या एका अतिशय सुंदर, नितळ तळ्यावरून तर वर्षानुवर्षं खटले चालले. १९९३ आणि २००३ साली अपील कोर्टाने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की ही टोकं पाण्यापर्यंत पोचण्यासाठी आहेत; तिथे पथाऱ्या पसरणं, सहली करणं, पाळणे उभारणं यासाठी नाहीत.

पटलं. मलाही पटलं. सार्वजनिक जागा वीस जणांनी बळकावणं हे सार्वजनिक वापरात बसत नाही.

पण रोगावर औषध काय दिलं बघा. बळकावण्याचा रोग होता 'कायमचं'पणात. एकच बोट चार महिने एकाच जागी, हा रोग. त्यावर औषध म्हणजे मुदत. दोन रात्री, तीन रात्री, मग हलवा. हे औषध न देता त्यांनी रात्रच कापून टाकली. म्हणजे गल्लीत कोणी बादली ठेवून पार्किंग अडवतो म्हणून रात्री गल्लीत गाडी लावायलाच सगळ्यांना बंदी, आणि ज्यांचे स्वतःचे बंगले आहेत त्यांनी खुशाल आपल्या पोर्चमध्ये लावाव्यात!

परिणाम काय झाला? दिवसा तळं सगळ्यांचं. रात्री बारा वाजले की सिंड्रेलाच्या गोष्टीसारखं ते फक्त काठवाल्यांचं. ज्याच्या घराचा जिना पाण्यात उतरतो त्याची बोट रात्रभर आपल्या धक्क्याला डुलत राहणार. आणि दोनशे पावलं मागे राहणारा माणूस रोज संध्याकाळी बोट पाण्यातून ओढून काढणार, सकाळी पुन्हा टाकणार.

"मग त्यात एवढं काय आहे?" असं पुण्याहून बहिणीने विचारलं. एवढं काय आहे ते सांगते.

बोट काढणं म्हणजे आधी रॅम्पवर रांग. शनिवारी संध्याकाळी ही रांग आपल्या पेट्रोलपंपावरच्या दरवाढीच्या आदल्या रात्रीसारखी असते. मग गाडी उलटी घेत ट्रेलर पाण्यात उतरवायचा. (ट्रेलर उलटा घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो. हे अंगवळणी पडायला मला दोन उन्हाळे लागले. नवऱ्याला अजून पडलेलं नाही, पण ते असो.) बोट ट्रेलरवर चढवायची, दोरखंड आवळायचे, साखळ्या लावायच्या, दिव्यांची वायर जोडायची. मग बूच काढायचं. २०१९ पासून इथे कायदा आहे की बोट रस्त्याने नेण्याआधी तिची सगळी बुचं काढून आतलं पाणी सोडून द्यायचं, मासे ठेवायच्या टाकीतलंसुद्धा. मग घरी नेऊन ट्रेलर लावायला जागा शोधायची. सकाळी हेच उलट्या क्रमाने, आणि त्यात बूच लावायला विसरलात तर बोट तुमच्या डोळ्यांदेखत पाणी पिऊ लागते. धडधाकट दोन माणसांना हे जमतं. वर ट्रेलर ओढणारी दणकट गाडी लागते, म्हणजे बोट स्वस्त आणि गाडी महाग हा मघाचा हिशोब इथे येतो.

आता न जमणाऱ्यांचं ऐका. आमच्या भाड्याच्या घराशेजारी, तिसऱ्या ओळीत, एक आजोबा राहतात. मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. आमच्या मुलाला गळाला आमिष कसं लावायचं ते त्यांनीच शिकवलं. वय चौऱ्याहत्तर, एका खांद्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांचा मासा म्हणजे वॉलआय. हा मासा भर उन्हात खोल जाऊन बसतो; तो धरायचा तर तिन्हीसांजेला नाहीतर पहाटे, उजाडता उजाडता. जूनमध्ये इथे सूर्य मावळायलाच साडेनऊ होतात. म्हणजे संध्याकाळची मासेमारी संपवून हे गृहस्थ अकरा वाजता, मिट्ट काळोखात, एका हाताने बोट ट्रेलरवर चढवणार. आणि पहाटे पाच वाजता पुन्हा हजर होणार. तेही कसं? कायदा म्हणतो सूर्योदयापर्यंत बोट बांधायची नाही. म्हणजे पहाटे पाचला सामान चढवायला त्यांनी बोट दहा मिनिटं धक्क्याला टेकवून दोरी अडकवली तरी अक्षरशः तो गुन्हा. पकडत कोणी नाही हो. पण ज्याने आयुष्यभर लाल दिव्याला गाडी थांबवली त्याला 'कोणी पकडत नाही' हे सांगून चालत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बोट विकली.

तळं त्यांच्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे. चाळीस वर्षं ते तिथे राहताहेत. आता ते खुर्ची घेऊन दारात बसतात. रस्त्याच्या टोकाशी खुर्ची टाकावी तर तो 'पथारी पसरणं' या सदरात जायचा धोका!

आता नेहमीचे आक्षेप. मी हे सगळे स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहेत, कारण गेल्या वर्षी मी त्या गावच्या टाउनशिपच्या सभेत जाऊन बोलले. तिथे कोणालाही तीन मिनिटं बोलता येतं. तीन मिनिटांत माझा उच्चार समजून घेण्यातच त्यांची दोन गेली असावीत.

आक्षेप पहिला : काठवाले कर भरतात. भरतात, आणि भरपूर भरतात, मान्य. पण तो कर जमिनीवर आहे, पाण्यावर नाही. बागेसमोर ज्याचं घर असतं त्याच्या घराचीही किंमत जास्त आणि करही जास्त. म्हणून रात्री बाग त्याच्या मालकीची होत नाही. आणि रस्त्याचं टोक तर काठवाल्याच्या प्लॉटमध्ये येतच नाही. तो रस्ता आहे. मागच्या ओळीतल्यांनी प्लॉट घेताना त्या रस्त्याची किंमत मोजलेली आहे, कारण तो रस्ता नसता तर त्यांनी प्लॉट घेतलाच नसता.

आक्षेप दुसरा : कोर्टाने आधीच ठरवलंय. इथे जरा बारीक बघायला हवं. १९८५ साली गन लेकच्या एका खटल्यात मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने हक्कांची विभागणी सांगितली. पोहणं, मासेमारी, बोट फिरवणं आणि तात्पुरता नांगर टाकणं, हे जनतेचं. धक्का बांधणं आणि बोट कायम बांधून ठेवणं, हे काठमालकांचं. आतल्या तळ्यांचा तळही इथे काठमालकांच्याच मालकीचा असतो, वरचं पाणी तेवढं सगळ्यांचं. म्हणूनच मी कोणाच्या घरासमोर बोया टाकून बोट बांधायचा हक्क मागत नाहीये. माझं म्हणणं फक्त सार्वजनिक रस्त्याच्या टोकाशी, टाउनशिपने स्वतः परवानगी दिलेल्या धक्क्याबद्दल आहे. आणि कोर्टाच्या भाषेत बघितलं तर एका बाजूला 'कायम' आहे, दुसऱ्या बाजूला 'तात्पुरतं'. एक रात्र म्हणजे कायम? आमच्याकडे पाहुणा एक रात्र राहिला तर त्याचं नाव रेशनकार्डावर चढत नाही!

आक्षेप तिसरा : रात्री गोंगाट होईल, दारूपार्ट्या होतील. यावर मला हसूच येतं. गोंगाट बोट करत नाही, माणसं करतात. इंजिन बंद करून खुंट्याला बांधलेली बोट ही त्या तळ्यावरची सगळ्यात गप्प वस्तू. उलट रात्री अकरा वाजता रॅम्पवर काय चालतं ते बघा. हेडलाइट, उलटी येणारी गाडी, एकमेकांना ओरडून दिलेल्या सूचना, साखळ्यांचा खणखणाट. आवाजाचा नियम करा ना, जरूर करा. दहानंतर संगीत बंद, धक्क्यावर बसणं बंद. पण जो नियम झोपलेल्या बोटीवर आहे आणि जाग्या माणसावर नाही, त्याचा हेतू शांतता हा नसावा अशी शंका येते.

आक्षेप चौथा : बाहेरच्या बोटी आल्या की बाहेरचे जीव येतात. हा आक्षेप मात्र गंभीर आहे. १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले आणि त्यांनी पुढे काय उत्पात केला ते इथल्या लहान मुलालाही शाळेत शिकवतात. बोटीला चिकटून, बोटीतल्या पाण्यातून ते एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. पण मग सांगा, धोका कुठल्या बोटीचा जास्त? जी सुट्टीचा आठवडाभर एकाच तळ्यात बांधून राहते तिचा, की जी रोज रात्री ट्रेलरवर चढते? एकदा चढलीच आहे तर उद्या शेजारच्या तळ्यावर जाऊ, परवा अजून तिसऱ्या, हे आम्ही स्वतः करतो. बोट तळ्यात टिकून राहावी असं वाटत असेल तर तिला रात्री राहू द्या.

आक्षेप पाचवा : मग मरीनात जागा भाड्याने घ्या. मोठ्या तळ्यांवर मरीना आहेत, तिथे मोसमभराची जागा मोसमभराच्या पैशांत मिळते. लहान तळ्यांवर बहुधा नसतेच. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाने किंवा आठवड्यातून दोनदा मासे धरणाऱ्या आजोबांनी चार महिन्यांचं भाडं का भरावं?

शेवटचा आक्षेप सभेत एका गृहस्थांनी अगदी सौम्य, हसऱ्या चेहऱ्याने घेतला. ते म्हणाले, "तुम्हाला रात्री बोट पाण्यात हवी असेल तर काठावर घर घ्या." टाळ्यासुद्धा पडल्या. मला राग आला तो त्यांचा नाही, टाळ्यांचाही नाही. राग आला तो याचा, की हे वाक्य म्हणजे त्या नियमाचं सगळ्यात प्रामाणिक भाषांतर होतं. शांतता, शिंपले, सुरक्षितता, सगळं बाजूला काढलं की खाली उरतं ते एवढंच.

आता या सगळ्यातली खरी गंमत ऐका. रात्री परक्या बोटींना जागा कशी द्यायची हे मिशिगनला माहीत नाही असं अजिबात नाही. उलट या बाबतीत हे राज्य कौतुक करण्यासारखं आहे! १९४७ साली इथे वॉटरवेज कमिशन स्थापन झालं. ग्रेट लेक्सचा किनारा म्हणजे समुद्रच. तिथे वादळात लहान बोट सापडली तर संपलं. म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने आसऱ्याची बंदरं उभारायची, आणि कुठलाही बोटवाला किनाऱ्याच्या मापाने सुरक्षित जागेपासून पंधरा मैलांपेक्षा जास्त दूर असू नये, असं उद्दिष्ट ठेवलं. आज अशी ऐंशीच्या वर बंदरं आहेत. तिथे वाटसरू बोटींसाठी जागा राखलेल्या असतात. तुम्ही रेडिओच्या नऊ नंबरच्या चॅनेलवर बंदराधिकाऱ्याला हाक मारता, तो जागा सांगतो, बोटीच्या लांबीप्रमाणे रात्रीचे पैसे भरता, दोरी बांधता, झोपता. सकाळी निघून जाता. तुम्ही कुठले, तुमचं काठावर घर आहे का, कोणी विचारत नाही. मॅकिनॉ बेटावरच्या सरकारी बंदरात लक्षाधीशाच्या यॉटशेजारी एखाद्या शाळामास्तराची जुनी शिडाची बोट सुखाने डुलताना मी बघितली आहे. आपल्याकडच्या धर्मशाळेची कल्पना यापेक्षा वेगळी काय आहे?

आणि यासाठी पैसा कुठून येतो? बोट नोंदणीची फी आणि पेट्रोलवरच्या कराचा एक ठरलेला हिस्सा. म्हणजे आमच्या सोळा फुटी बोटीची फी, आजोबांच्या इंजिनात गेलेलं पेट्रोल, हे सगळं त्यात आहे. (याच पैशांतून आतल्या तळ्यांवरचे रॅम्पही बांधले जातात हेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल.) म्हणजे पद्धत तयार आहे, अनुभव आहे, दर ठरवायची रीत आहे. मोठ्या पाण्यावर जे राज्य म्हणतं 'ये बाबा, रात्र झाली, बांध बोट', तेच राज्य लहान पाण्यावर म्हणतं 'बारा वाजले, चालता हो'. फरक एवढाच की ग्रेट लेक्सच्या बंदरांसमोर शेजारी म्हणून गावं आहेत, ज्यांना पाहुण्यांच्या खर्चाचा फायदा होतो. आणि लहान तळ्यांवर शेजारी म्हणून घरं आहेत, ज्यांना पाहुणे नकोत.

कोणी म्हणेल, तिथे वादळाची भीती आहे, इथे कसली? ज्यांनी जुलैतली रात्रीची वीज आणि वारा मोठ्या तळ्यावर अनुभवलाय ते असं म्हणणार नाहीत. रॅम्प तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये दोन मैल उसळतं पाणी. अशा वेळी जवळच्या सार्वजनिक धक्क्याला बोट बांधली तर कोणी पावती फाडणार नाही, हे मलाही कळतं. पण जी गोष्ट शहाणा माणूस संकटात करणारच, तिला साध्या दिवशी गुन्हा कशाला म्हणायचं?

तर माझी मागणी एवढीच, आणि ती मुद्दाम लहान ठेवली आहे. पाळण्यांवरची बंदी राहू द्या. वाट अडवण्यावरची बंदी राहू द्या. कोणत्याही गावावर सक्ती नको. फक्त जी टाउनशिप आज रोड-एन्डवर एक सार्वजनिक धक्का मंजूर करू शकते, तिलाच हेही ठरवू द्या की त्या धक्क्याच्या एका बाजूला दोन किंवा चार बोटी रात्री राहू शकतील. एका बोटीने सलग तीन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही. आठवडाभर गेल्याशिवाय परत यायचं नाही. फुटाप्रमाणे फी, ती धक्क्याच्या देखभालीला. बोटीच्या बाजूवर नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरांत असतोच, त्यामुळे कोण जास्त राहिलं ते कळायला जासूस लागत नाही. दुसरी बाजू रिकामी, दिवसा येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. ज्या गावाला हे नको त्याने करू नये. आज अडचण अशी की ज्या गावाला हवंय त्यालाही करता येत नाही, कारण राज्याचा कायदा रात्रीचं दार बाहेरून लावून बसलाय.

यात काठवाल्यांचं काय जाईल? खरंच विचार करून सांगा. त्यांचा धक्का त्यांचाच राहील, त्यांचे पाळणे त्यांचेच. जाईल ती एकच गोष्ट. पहाटे उठून खिडकीतून बघताना दिसणारं तळं फक्त आपल्याच ओळखीच्या बोटींचं आहे ही भावना. मी नाकारत नाही, ती भावना सुखाची असेल. पण ती कायद्याने राखून द्यायची वस्तू नव्हे.

मला वाटतं, सार्वजनिक गोष्टी आपल्या हातून जातात त्या अशाच. कोणी येऊन एका दिवसात कुंपण घालत नाही. २००५ साली मिशिगनच्याच सुप्रीम कोर्टाने लेक ह्युरॉनच्या काठाने चालायचा लोकांचा हक्क कायम ठेवला, तेव्हा पेपरांत मोठ्या बातम्या आल्या. कारण तिथे सरळ प्रश्न होता : चालू द्यायचं की नाही? असा सरळ प्रश्न आला की लोक जागे होतात. पण 'बारा ते सूर्योदय' एवढा लहान तुकडा कापला तर कोणाच्या लक्षात येतं? म्हाताऱ्यांच्या येतं. ज्यांच्याकडे ट्रेलर ओढायची गाडी नाही त्यांच्या येतं. एकट्या बाईच्या येतं, जिला रात्री अकराला निर्मनुष्य रॅम्पवर बोट काढायची असते. बाकीचे म्हणतात, दिवसभर तर मोकळंच आहे की!

मामा, तुमच्या 'कोणाची?'चं उत्तर हे असं आहे. बंदी सरकारची, पण सोय काठवाल्यांची.

येत्या महिन्यात त्या टाउनशिपची सभा पुन्हा आहे. या वेळी मी राज्याच्या आमदाराला लिहिलेलं पत्र सोबत नेणार आहे, कारण गाव स्वतः कायदा बदलू शकत नाही, पण आम्हाला अधिकार हवा असा ठराव करू शकतं. शेजारच्या आजोबांनी त्यावर पहिली सही केली आहे. बोट नसताना. मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, जिथे कुठे तळ्याकाठी राहणारे वाचक असतील त्यांनी आपल्याकडे रात्रीचा काय नियम आहे ते जरूर कळवा. आणि पुढचा लेख लोणच्यावर लिहीन, वहिनी, नक्की. :-)